चष्मा लावून अचूक फोकस कसा करायचा

चष्मा असला की फोटो शार्प येत नाहीत असं बरेच जण म्हणतात. ऑटोफोकसवर काढत असाल तर तुमच्या नंबरचा आणि फोटोचा काही संबंध नाही, फोकस कॅमेरा ठरवतो, तुम्हाला व्ह्यूफाइंडरमध्ये अंधुक दिसलं तरी फोटो स्वच्छ येतो. अडचण मॅन्युअल फोकसला येते. जुनी लेन्स असेल, मॅक्रो (अगदी जवळून काढलेला फोटो) असेल किंवा ८५ एमएमची लेन्स एफ १.४ वर, म्हणजे तिचं छिद्र (ॲपर्चर) खूप मोठं उघडून, जवळून चेहरा टिपायचा असेल, तर फोकस बुबुळावर आहे की पापणीच्या केसांवर हे तुम्हालाच बघायचं असतं.

व्ह्यूफाइंडरमधून समोरचं दृश्य थेट दिसतंय असं वाटतं पण तसं नसतं. एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वळून एका धुरकट काचेच्या स्क्रीनवर पडतो, आणि लेन्सपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर आणि सेन्सरपर्यंतचं अंतर अगदी सारखं ठेवलेलं असतं, म्हणून स्क्रीनवर शार्प दिसलं की सेन्सरवरही शार्प. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, या स्क्रीनच्या जागी छोटासा डिस्प्ले असतो. दोन्हीकडे आयपीसमधल्या, म्हणजे जिथे डोळा लावतो तिथल्या, भिंगांमुळे ते चित्र साधारण एक मीटरवर असल्यासारखं दिसतं. म्हणजे कॅमेरा लांबच्या डोंगराकडे असला तरी तुमचा डोळा बघतोय ते मीटरभरावरचं चित्र.

हे चित्र तुमच्या डोळ्याला जुळवून घ्यायला आयपीसच्या बाजूला डायऑप्टरची छोटी चकती असते. ती फिरवताना समोरचं दृश्य बघायचंच नाही! कॅमेरा मोकळ्या आकाशाकडे धरा, लेन्सचा फोकस मुद्दाम घालवा आणि फक्त स्क्रीनवरच्या फोकस पॉइंटच्या खुणा, खालचे आकडे बघा. चकती आधी पूर्ण प्लसकडे न्या, मग हळूहळू मायनसकडे आणा आणि खुणा पहिल्यांदा स्वच्छ दिसल्या की तिथेच थांबा. आणखी पुढे गेलात तरी काही वेळ शार्पच दिसेल, कारण डोळ्यातलं भिंग आपला आकार बदलून फरक भरून काढतं, पण मग डोळा थकतो आणि फोकस जमल्याचा नुसता भास होतो.

चष्मा काढून नुसत्या चकतीवर भागवावं का? माझं मत, नको. बऱ्याच कॅमेऱ्यांत चकती उणे ३ किंवा ४ पर्यंतच जाते, आणि महत्त्वाचं म्हणजे सिलिंडर नंबर तिने जात नाही, त्यामुळे उभ्या रेषा एका जागी शार्प दिसतात आणि आडव्या दुसऱ्या जागी. चष्मा ठेवा आणि चष्मा लावूनच चकती सेट करा. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर आणखी एक भानगड, काचेच्या वरच्या आणि खालच्या भागाचा नंबर वेगळा, म्हणून सेट करताना मान जशी होती तशीच दरवेळी ठेवा.

चष्म्यामुळे डोळा आयपीसपासून लांब राहतो आणि फ्रेमचे कोपरे कापले जातात. कॅमेऱ्याच्या माहितीत आयपॉइंट म्हणून आकडा असतो, म्हणजे डोळा आयपीसपासून किती लांब ठेवूनही पूर्ण फ्रेम दिसते ते, तो बघून घ्या, २० मिमीच्या आसपास किंवा जास्त असला की बरं. निकॉनने १९८२ मध्ये एफ३ एचपी काढला तो याचसाठी, आयपॉइंट २५ मिमी, फक्त त्या बदल्यात चित्र थोडं छोटं दिसायचं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, जुन्या कॅमेऱ्यांची स्प्लिट इमेज. स्क्रीनच्या मधोमध गोल असतो, फोकस चुकला की त्यातली उभी रेषा दोन तुकड्यांत सरकलेली दिसते, तुकडे जुळवले की फोकस झाला. नेहमीच्या चांगल्या नजरेला साधारण एका मिनिट-कोनाएवढा (अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा दिसतो, पण दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत हे मात्र आपल्याला काही सेकंद-कोनांपर्यंत (मिनिट-कोनाचा साठावा भाग म्हणजे एक सेकंद-कोन) कळतं, म्हणजे कित्येक पट बारीक! शिवाय चित्र जरासं धूसर असलं तरी सरकलेली रेषा ओळखू येते, म्हणून चष्मेवाल्यांना ही पद्धत फार सोयीची.

आजच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये (डिजिटल एसएलआर) स्प्लिट इमेज नसते, आणि त्यांच्या उजळ स्क्रीनवर एफ १.४ चं चित्रसुद्धा एफ २.८ च्या आसपास असल्यासारखं जास्त खोलवर शार्प दिसतं, त्यामुळे तिथे उत्तम नजरसुद्धा फसते. अशा वेळी लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचं चित्र मागच्या स्क्रीनवर) चालू करून ५ किंवा १० पट मोठं करून बघा. मिररलेसमध्ये हेच व्ह्यूफाइंडरमध्ये होतं. फोकस पीकिंगच्या, म्हणजे शार्प भाग रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या, रंगीत कडा पटकन अंदाज घ्यायला चांगल्या, पण मोठ्या ॲपर्चरला त्या गरजेपेक्षा जाड पट्ट्यावर उमटतात, तेव्हा शेवटचा बारीक फरक मोठं करूनच बघायचा.