गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी

व्हीआयए (व्हिज्युअल इन्स्पेक्शन विथ ॲसिटिक ॲसिड) तपासणी : गर्भाशयाच्या मुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून, मिनिटभर थांबून, नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी. कर्करोग होण्याआधी पेशींत जे बदल होतात ते हुडकणे हा तिचा हेतू. ज्या आजारासाठी ती करतात त्याला बोलीत ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळा, पॅथॉलॉजिस्ट यांपैकी काहीच लागत नाही आणि निकाल तिथल्या तिथे कळतो, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात, इतकेच नव्हे तर उपकेंद्रातही प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते.

हा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या चिवट संसर्गातून होतो. त्याच्या १६ आणि १८ या प्रकारांचा वाटा सर्वांत मोठा. शरीरसंबंधातून होणारा हा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. जिथे तो ठाण मांडतो तिथे कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. तपासणीला मिळणारी संधी ती हीच. मात्र या सगळ्या काळात बाईला दुखत नाही, खुपत नाही, अंगावरून काही जात नाही. ‘मला काही त्रास नाही, मग कशाला तपासायचे?’ हा प्रश्न म्हणूनच सर्वांत महागात पडतो. २०२० मध्ये भारतात सुमारे १ लाख २४ हजार स्त्रियांना हा आजार झाल्याचा आणि ७७ हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा अंदाज आहे.

भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए करायची असते. पाळी चालू असताना, गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरचे पहिले बारा आठवडे ती टाळतात. आदल्या दिवसापासून शरीरसंबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, आतून धुणे हे बंद ठेवायला सांगतात.

तपासणीची रीत : द्रावण रोज ताजे करायचे. ५ मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेले, शुद्ध) ॲसिटिक आम्ल ९५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळले की ५ टक्क्यांचे १०० मिली द्रावण होते. दिवसअखेर उरलेले ओतून टाकतात. आम्ल पाण्यात घालायचे आणि मोजूनच घालायचे. अंदाजाने ओतलेल्या तीव्र आम्लाने योनीची त्वचा भाजते, आणि असे एकदा घडले की त्या गावात पुढच्या शिबिराला कोणी फिरकत नाही.

बाईने लघवी करून यावे. गुडघे दुमडून पाठीवर झोपवल्यावर कोमट पाण्याने ओला केलेला स्पेक्युलम (योनी उघडी धरणारा चिमटा) हळूच आत सरकवतात. प्रकाश पांढरा आणि प्रखर हवा, शक्यतो हॅलोजनचा. पिवळ्या बल्बखाली पांढरा डाग पिवळटच दिसतो आणि नजरेतून सुटतो. द्रावण लावण्याआधी मुख एकदा नीट पाहून घ्यायचे : गाठ, जखम, हात लागताच रक्त येणारी वाढ दिसली तर व्हीआयएची गरजच उरत नाही, बाईला थेट मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. नाहीतर कोरड्या कापसाने चिकट स्राव टिपायचा, द्रावणात चिंब भिजवलेला बोळा मुखावर दाबून धरायचा आणि घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट थांबायचे.

चुका सर्वांत जास्त होतात त्या याच मिनिटात. बाहेर रांग असली की साठ सेकंदांचे वीस होतात. आम्लामुळे पेशींतली प्रथिने तात्पुरती गोठतात. बिघडलेल्या पेशींत केंद्रक मोठे आणि प्रथिने जास्त, म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. पण दाट पांढरेपणा उमटायला वेळ लागतो. घाईने पाहणाऱ्याला तिथे फक्त गुलाबी मुख दिसते. बोळा घासून फिरवला तर रक्त येते आणि पाहायची जागाच झाकली जाते.

नजर ठरवायची ती मुखाच्या छिद्राभोवती, जिथे बाहेरची फिकट गुलाबी आणि आतली लालसर त्वचा एकमेकींना भिडतात त्या सीमेवर. पॉझिटिव्ह डाग या सीमेला चिकटून असतो. तो दाट, अपारदर्शक, चुन्याचा हात फिरवल्यासारखा दिसतो. कडा स्पष्ट, कधी किंचित उचललेल्या, आणि तो काही मिनिटे टिकतो. फिकट, धुरकट, कडा विरघळलेला आणि लगेच मावळणारा पांढरेपणा बहुधा साध्या पेशीबदलाचा किंवा सुजेचा असतो. सीमेपासून दूर विखुरलेले ठिपके, मोहरीएवढ्या पांढुरक्या पुटकुळ्या, पॉलिपवरची (मुखातून लोंबणाऱ्या मऊ, साध्या वाढीवरची) पांढरी झाक हे सारे निगेटिव्ह. नवशिक्या हातांकडून यांतले बरेचसे पॉझिटिव्ह लिहिले जाते. एखाद्या केंद्रात शेकडो बायका तपासूनही एकही पॉझिटिव्ह नसेल, किंवा प्रत्येक तिसरी पॉझिटिव्ह निघत असेल, तर दोष बहुतेक वेळा नजरेत असतो. तिथे पुन्हा प्रशिक्षण द्यावे.

पाळी गेल्यानंतर ही सीमा आतल्या नळीत सरकते. ती दिसली नाही तर व्हीआयएचा निकाल देता येत नाही, आणि ‘निगेटिव्ह’ लिहिणे ही तर फसवणूकच. पन्नाशीपुढच्या बायकांसाठी म्हणून एचपीव्ही चाचणी किंवा पॅप स्मिअर (मुखावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) बरी.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, हे वाक्य बाई टेबलावरून उठण्याआधी तिच्याशी बोलायला हवे. पुढे कॉल्पोस्कोपी (भिंगाच्या यंत्राने मुख मोठे करून पाहणे) आणि गरज असेल तर तुकडा तपासणी होते. डागाने मुखाचा तीन चतुर्थांशांहून कमी भाग व्यापला असेल, तो नळीत शिरलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर शीत उपचार (तीन मिनिटे गोठवणे, पाच मिनिटे सोडणे, पुन्हा तीन मिनिटे गोठवणे) किंवा सुमारे १०० अंश सेल्सियसचे उष्ण टोक २० ते ३० सेकंद टेकवणे एवढ्याने काम भागते. भूल लागत नाही. नंतर काही आठवडे पाण्यासारखे पांढरे जाते. महिनाभर शरीरसंबंध टाळायचा आणि वर्षाने पुन्हा तपासायचे. पिशवी काढावी लागत नाही. ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यातून आल्या आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अर्धवट जागृतीचा असा गैरवापर होतो, म्हणून ‘तपासून घ्या’ याच्या जोडीला ‘पॉझिटिव्ह आले तर काय करतात’ हेही त्याच बैठकीत सांगावे.

महाराष्ट्रातील काम : या विषयात जगाला मोलाचे पुरावे दिले ते मराठी मुलखाने. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके. खेड्यातली रोगी बाई अनेकदा कुठल्याच रुग्णालयापर्यंत पोचत नसे, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत आणि लोकांना लक्षणे समजावून सांगत : दोन पाळ्यांमध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे, घाण वासाचे पांढरे जाणे. काही वर्षांतच लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढल्याचे दिसले, तेही कुठली चाचणी न करता, निव्वळ बोलण्याने.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. ५२ गावगटांची चार भागांत विभागणी केली होती : एचपीव्ही, पॅप स्मिअर, व्हीआयए आणि तपासणी न केलेला गट. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हीआयएने आणि पॅपने मात्र ठोस फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या कामात दर दोन वर्षांनी व्हीआयएच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्या प्राथमिक आरोग्यसेविकांनी केल्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एका फेरीत जे निसटते ते पुढच्या फेरीत सापडते, हा या दोन निकालांचा सरळ अर्थ. दोन्ही ठिकाणी तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी केली नव्हती, आणि त्यावर झालेली नैतिक टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही.

एवढे पुरावे हाताशी असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी काळी करून घेतल्याचे आढळले. अडचणी साध्या असतात. तपासणारी बाई आहे की पुरुष, पडदा आहे का, नवऱ्याला आणि सासूला काय सांगायचे, आणि रोजगार बुडणार का, हे प्रश्न आशाताईंना पहिल्यांदा विचारले जातात. ऊसतोडीच्या भागात दिवाळीनंतर शिबिर ठेवले तर सर्वांत गरजू बायका तेव्हा फडावर असतात. आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईला ‘पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला जा’ म्हटले की त्यातल्या बऱ्याच जणी वाटेतच गळतात. जिथे शक्य आहे तिथे उपचार त्याच दिवशी, त्याच खोलीत व्हावा.

जागतिक आरोग्य संघटना आता ३५ आणि ४५ व्या वर्षी एचपीव्ही चाचणीवर भर देते. तिच्यासाठी नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, त्यामुळे लाजेचा प्रश्न निम्मा सुटतो. मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ मध्ये बाजारात आली. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीत तपासणी करावीच लागते, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही.

गर्भाशयाच्या अस्तराचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग व्हीआयएत कळत नाही. बीजांडकोशासाठी निरोगी बायकांची सरसकट तपासणी उपयोगी ठरलेली नाही; पोट फुगलेले राहणे, दोन घासांत भरणे, सारखी लघवी लागणे हे काही आठवडे टिकले तर सोनोग्राफी करतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी व्हीआयए निगेटिव्ह असल्याचा कागद बाजूला ठेवून सोनोग्राफी करायची आणि अस्तर जाड दिसले किंवा रक्त पुन्हा गेले तर त्याचा तुकडा तपासायला पाठवायचा.