मालक घरात असताना

साडेसातव्या मजल्यावरचं ऑफिस. छत इतकं खाली की सगळे कमरेत वाकून चालतात, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. तिथल्या फायलींच्या कपाटामागं एक बुटकं दार सापडतं. त्यातून रांगत आत गेलं की माणूस थेट जॉन मॅल्कोविच या नटाच्या डोक्यात पोचतो, पंधरा मिनिटं त्याच्या डोळ्यांनी जग बघतो आणि मग न्यू जर्सीतल्या हमरस्त्याच्या कडेला धप्पकन येऊन पडतो. दार सापडल्यावर ऑफिसातले दोघं काय करतात? दोनशे डॉलर तिकीट लावतात.

१९९९ सालचा 'बीइंग जॉन मॅल्कोविच' हा तो सिनेमा. लेखक चार्ली कॉफमन आणि दिग्दर्शक स्पाइक जोन्झ, दोघांचाही हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याला ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, पुतळा एकही नाही. मॅल्कोविचला संहिता आवडली होती, पण नाव दुसऱ्या कुणाचं तरी घ्या, असं त्याचं आधी म्हणणं होतं. एका स्टुडिओप्रमुखानं 'टॉम क्रूझ का नको?' असं विचारल्याचा किस्साही सांगितला जातो. क्रूझ घेतला असता तर सगळीच गंमत गेली असती. सिनेमातल्या लोकांना मॅल्कोविच ओळखीचा वाटतो, पण नेमका कशातून ते कुणाला आठवत नाही. 'तुम्ही त्या हिरेचोराचं काम केलं होतंत ना?' असं त्याला विचारतात, आणि तसं काम त्यानं कधी केलेलंच नसतं. इतकंच काय, सिनेमातल्या मॅल्कोविचचं मधलं नाव होरेशिओ आहे, खऱ्याचं गॅव्हिन. म्हणजे तोही स्वतःची भूमिका करत नाहीये.

कल्पना कितीही चक्रम वाटली, तरी तिच्यासाठी परकायाप्रवेश हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. मंडनमिश्रांच्या पत्नीनं, उभयभारतीनं, वादात कामशास्त्रावर प्रश्न विचारले तेव्हा संन्यासी शंकराचार्यांनी मेलेल्या अमरूक राजाच्या देहात प्रवेश केला, अशी आख्यायिका आहे. त्यांचा स्वतःचा देह शिष्य गुहेत राखत बसले. राजवाड्यात आचार्य इतके रमले की आपण कोण हेच विसरू लागले, आणि शिष्यांना गवई बनून गाण्यातून आठवण द्यावी लागली. 'चलो मच्छिंदर, गोरख आया'सुद्धा त्याच जातीची हाक.

युरोपात जॉन लॉकनं हाच खेळ तत्त्वज्ञानात मांडला. १६९४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं एक नवं प्रकरण घातलं आणि त्यात विचारलं, की राजपुत्राचा आत्मा त्याच्या सगळ्या आठवणींसकट एका चांभाराच्या शरीरात शिरला, तर तो कोण? व्यक्ती म्हणून राजपुत्रच, असं त्याचं उत्तर. माणसाची ओळख देहात नाही, स्वतःविषयीच्या जाणिवेत आहे.

पण दोन्ही गोष्टींत एक सोय करून घेतलेली आहे. अमरूक आधीच मेलेला आहे आणि चांभाराचा आत्मा आधीच निघून गेलेला आहे. घर रिकामं आहे, मग कुणी राहायला आलं तर तक्रार कोण करणार?

कॉफमननं ती सोय काढून टाकली. इथं मालक घरात आहे. तो टोस्ट खातोय, अंघोळ करतोय, टॅक्सीनं जातोय, आणि आत रांग लागलीय. माझ्या मते या सिनेमाचं खरं वेगळेपण एवढंच, आणि ते पुरेसं आहे. तोवरच्या गोष्टी शिरणाऱ्याची ओळख तपासत होत्या. ज्याच्यात शिरले त्याचं काय, हे विचारायची वेळच आली नव्हती.

संशय येऊन मॅल्कोविच स्वतःच त्या दारातून आत जातो, तो प्रसंग बघताना हसू येतं आणि मग हळूहळू येईनासं होतं. तो एका रेस्टॉरंटमध्ये पोचतो. समोर बसलेल्या बाईला त्याचाच चेहरा. वेटर तोच, पियानोवर रेललेली गायिका तोच. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाचं नाव 'मॅल्कोविच', आणि सगळ्यांच्या तोंडी तेवढा एकच शब्द. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं १७३९ मध्ये लिहिलं होतं की आत डोकावलं की 'मी' सापडतच नाही, सापडतात ते नुसते येणारे-जाणारे अनुभव. इथं उलट होतं: 'मी'शिवाय दुसरं काहीच सापडत नाही. दोन्हींत जास्त भयाण कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दार शोधणारा क्रेग (जॉन क्यूसॅक) पेशानं कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा. सिनेमाच्या सुरुवातीला त्याच्यासारखीच दिसणारी बाहुली नाचते, आरसा फोडते, मग वर बघते आणि आपल्या दोऱ्या ओढणारा तिला दिसतो. पुढं क्रेग मॅल्कोविचमध्ये ठाण मांडतो आणि तोच नाच त्याच्या देहाकडून करून घेतो. त्याची बायको लॉटी (कॅमेरॉन डियाझ) मात्र पहिल्याच फेरीनंतर वेगळं काही घेऊन बाहेर येते. पुरुषाच्या अंगात आपल्याला पहिल्यांदा बरोबर वाटलं, असं तिला वाटतं. १९९९ च्या विनोदी सिनेमात हे वाक्य नुसतं चेष्टेवारी नेलेलं नाही, याची नोंद त्या वेळी फारशी झाली नाही.

पुढं प्रयोगशाळेतही एक दार उघडलं. स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत पेटकोवा आणि एर्सन यांनी २००८ मध्ये लोकांच्या डोळ्यांसमोर पुतळ्याच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याचं दृश्य लावलं. माणसाच्या आणि पुतळ्याच्या पोटावर एकाच लयीत काडी फिरवली की तो पुतळाच आपलं अंग वाटू लागे. पुतळ्याच्या पोटाशी सुरी नेली की घाबरून घाम माणसाला. अर्थात पुतळाही रिकामाच.

सिनेमाच्या शेवटी क्रेग पुन्हा दारातून जातो, पण मॅल्कोविचमध्ये शिरायची मुदत टळलेली असते. आता तो एका लहान मुलीच्या डोळ्यांमागं कायमचा अडकलाय. त्याला सगळं दिसतं, पण तिचं बोटसुद्धा हलवता येत नाही. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती बाई समोर दुसऱ्या कुणाबरोबर सुखात आहे. 'नको बघूस तिकडं,' तो आतून विनवतो. मुलीला काही ऐकू येत नाही. ती बघत राहते, आणि मग पाण्यात सूर मारते.