वकील-अशील गोपनीयता

अशिलाने कामाच्या निमित्ताने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट, वकिलाने त्यावर दिलेला सल्ला आणि त्या कामात वकिलाच्या वाचनात आलेल्या कागदांतला मजकूर अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही, असे कायद्याचे तत्त्व. भारतात ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ते १३४ मध्ये आले आहे. हा कायदा १ जुलै २०२४ रोजी लागू झाला. त्याआधी दीडशे वर्षे हीच तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ ते १२९ मध्ये होती, आणि जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ‘एकशे सव्वीस’च असते.

‘वकिलापासून आणि डॉक्टरपासून काही लपवू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. न्यायालयात मात्र या दोघांची स्थिती सारखी नाही. डॉक्टरवर व्यावसायिक नीतीचे बंधन असते, पण साक्षीला उभे केल्यावर न्यायाधीशांनी सांगितले तर त्याला रुग्णाची माहिती द्यावी लागते. वकिलाला ती मुभाच नाही. त्याची सांगायची तयारी असली तरी कायदा त्याला सांगू देत नाही, कारण हे संरक्षण वकिलाचे नसून अशिलाचे आहे. बंधनातून मोकळे करायचे तर ते अशिलानेच. खटला निकाली निघाला, वकीलपत्र दुसऱ्याकडे गेले, तरी पहिल्या वकिलाचे बंधन सुटत नाही. अशिलाने स्वतः साक्ष दिली, एवढ्यावरून त्याने वकिलालाही बोलायची संमती दिली असे मानता येत नाही.

कायद्यातच दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. अशील वकिलाला म्हणतो, ‘मी बनावट दस्तऐवज केला आहे, माझा बचाव करा.’ हे बोलणे संरक्षित आहे. दोषी माणसाचा बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नव्हे, असे कारण तिथेच दिले आहे. तोच अशील म्हणाला, ‘या बनावट दस्तऐवजावर दावा लावून मला मिळकतीचा ताबा मिळवून द्या,’ तर संरक्षण नाही. घडून गेलेल्या गुन्ह्याची कबुली झाकलेली राहते, पुढच्या गुन्ह्यासाठी मागितलेली मदत राहत नाही. पहिला भाग ऐकून अनेकांना राग येतो. पण खरी हकीकत वकिलाला कळली नाही, तर निर्दोष माणसाचाही बचाव नीट होत नाही, आणि आपण सांगितलेले उद्या आपल्याविरुद्ध येईल या धास्तीने निर्दोष माणूसही गप्प बसतो. दुसरा अपवाद असा : काम हाती घेतल्यानंतर गुन्हा किंवा लबाडी झाल्याचे वकिलाच्या लक्षात आले, तर ती वस्तुस्थिती झाकली जात नाही. अपहाराच्या खटल्यात सुरुवातीला हिशेबाच्या वहीत नसलेली नोंद नंतर अचानक दिसू लागली, तर ती पाहिल्याचे वकिलाला सांगता येते.

वकिलाचे कारकून, नोकर आणि दुभाषे यांनाही हे बंधन लागू आहे. मात्र कचेरीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहून देणारा किंवा सुटा टंकलेखक हा कुणा वकिलाचा माणूस नसतो, त्यामुळे त्याच्याजवळ मन मोकळे केले तर या कलमांचा आधार मिळत नाही. संरक्षणासाठी बोलणे खासगी असावे लागते, हे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते. तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, विरुद्ध बाजूचे लोक शेजारी उभे असताना अशील मोठ्याने सगळे सांगत असतो आणि वकील घाईत मान डोलावत असतो, हे दृश्य नेहमीचे आहे. अशा वेळी वकिलाने अशिलाला बाजूला नेले पाहिजे; अशिलाला हा नियम ठाऊक असण्याची अपेक्षा धरता येत नाही. आधीपासून अस्तित्वात असलेला मूळ कागदही वकिलाच्या कपाटात ठेवल्याने गोपनीय ठरत नाही. न्यायालयाने मागितला तर तो हजर करावा लागतो.

२०२५ मध्ये हा विषय अचानक ऐरणीवर आला. अहमदाबादेत पोलिसांनी एका आरोपीच्या वकिलालाच चौकशीची नोटीस धाडली, तर सक्तवसुली संचालनालयाने कायदेशीर मत दिल्याबद्दल ज्येष्ठ वकिलांना समन्स काढले. ते समन्स पुढे मागे घेण्यात आले, पण सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मूळचे अमरावतीचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या खंडपीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. खटल्याचा तपशील काढून घेण्यासाठी तपास अधिकाऱ्याला आरोपीच्या वकिलाला बोलावता येणार नाही. अपवादात बसणारे प्रकरण असेल, तर कोणत्या वस्तुस्थितीवरून तसे वाटते हे समन्समध्ये लिहावे लागेल आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी संमती लागेल. कंपनीत पगारावर काम करणाऱ्या विधी अधिकाऱ्यांना मात्र कलम १३२ चे संरक्षण न्यायालयाने नाकारले. ते न्यायालयात स्वतंत्रपणे वकिली करत नाहीत, हे त्यामागचे कारण. कायदेशीर सल्लागाराशी झालेले गोपनीय बोलणे उघड करण्याची सक्ती करता येत नाही, या कलम १३४ चा मर्यादित आधार तेवढा उरतो.

याच निकालातला मोबाइल आणि लॅपटॉपविषयीचा भाग सर्वांत उपयोगाचा आहे. वकिलाचे उपकरण हवे असेल तर ते न्यायालयापुढेच हजर करायचे. ते उघडायचे ते संबंधित पक्षकार आणि वकील यांच्या समक्ष, त्यांच्या पसंतीच्या तंत्रज्ञाची मदत घेण्याची मुभा देऊन. आणि त्याच उपकरणात ज्यांची प्रकरणे आहेत अशा इतर अशिलांच्या गोपनीयतेला धक्का लागू द्यायचा नाही.