पूररेषा

पुराचे पाणी नदीकाठी कुठवर पसरू शकते हे नकाशावर दाखवून तिथल्या जमिनीचा वापर ठरवणारी मर्यादा. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग ती आखतो आणि मग ती शहराच्या विकास आराखड्यावर उतरते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तिथून लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित. २०२०च्या एकत्रिकृत विकास नियमावलीप्रमाणे नियंत्रित पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवून बांधकाम करता येते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. त्यांचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. कोल्हापुरात पावसाळ्यात ‘पंचगंगा किती फुटांवर?’ ही रोजची विचारणा असते. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ अशी दोन्ही वर्षे पाणी तिच्या दहा फुटांहून अधिक वर गेले.

रेषा पाणी कुठे येईल ते सांगते. भरावाने हटवलेले पाणी कुठे जाईल, त्याबद्दल ती गप्प असते. जोते उंचावण्यासाठी डंपरने मुरूम ओतला की तो प्लॉट कागदोपत्री सुरक्षित होतो आणि पाणी शेजारच्या बैठ्या घरांत शिरते. प्रत्येक परवानगी नियमात बसते, नदीचे पात्र मात्र आवळत जाते. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट पाणी) प्रवाहाची, लाल एक लाखाची. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडले असतानाच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. ओढ्यानाल्यांचे पाणीही त्यात मिळाले होते. तरी आकड्यांतली तफावत डोळ्यांआड करण्याजोगी नाही.

असा साचत गेलेला परिणाम आधीच जोखण्याचे साधन म्हणजे शाश्वतता मूल्यमापन. इंग्लंडमध्ये २००४च्या कायद्याने स्थानिक आराखड्यांना ते बंधनकारक झाले. तिथे आराखडा करतानाच पर्यायी जागा ताडून पाहतात. कमी धोक्याची योग्य जागा मिळत असेल तर पूरक्षेत्रातली मागे पडते. जोत्याच्या उंचीचा प्रश्न त्यानंतरचा.

भारतात केंद्राने १९७५ साली पूरक्षेत्र विभागणीचे नमुना विधेयक राज्यांकडे पाठवले. मणिपूरने १९७८ मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात पाटबंधारे (आताच्या जलसंपदा) विभागाचे १९८९चे परिपत्रक, नंतरच्या सूचना आणि बांधकाम नियमावली यांवर काम चालते.