स्प्रिंग तीच, वजन तेच, मग पिकअपचं नाक वर कसं येतं?

अमेरिकेत फोर्ड एफ-१५० किंवा शेवर्ले सिल्व्हराडोसारखा नवा पिकअप ट्रक रिकामा उभा असताना बाजूने बघितला तर तो पुढे थोडा झुकलेला दिसतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच, काही ट्रकमध्ये त्याहूनही जास्त वर असते. हे कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण मागच्या हौद्यात माल भरला किंवा ट्रेलर जोडला की मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) दबतात आणि ट्रक सपाट होतो. पण तिथे कित्येक जण हा ट्रक रोज ऑफिसला जायलाच वापरतात, मागे काहीच नसतं, मग ते झुकलेलं नाक खुपायला लागतं, शिवाय पुढे जरा मोठे टायर बसवायचे असतात, आणि मग येतं लेव्हलिंग किट.

किट म्हणजे काय तर ॲल्युमिनियम, स्टील किंवा कडक पॉलियुरेथेनच्या दोन जाड चकत्या आणि नटबोल्ट. या ट्रकमध्ये पुढे स्प्रिंग आणि शॉक (धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) एकत्र असलेला स्ट्रट असतो, त्याचं वरचं टोक चेसिसला आणि खालचं टोक लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला. चकती बसते स्ट्रटचं डोकं आणि चेसिस यांच्या मधे.

आता गंमत बघा. एक इंच जाडीची चकती टाकली की ट्रक साधारण दोन इंच वर येतो! कारण लोअर आर्म हा अडकित्त्यासारखा आहे, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला मूठ, आणि सुपारीच्या जागी स्ट्रट. सुपारीपाशी पातं थोडंसं हललं तरी मूठ बरीच हलते ना, तसंच स्ट्रट एक इंच खाली सरकला की चाक जवळपास दुप्पट खाली ढकललं जातं. प्रमाण प्रत्येक ट्रकचं वेगळं असतं, म्हणून चकतीची जाडी वेगळी आणि मिळणारी उंची वेगळी, विकत घेताना कुठला आकडा लिहिलाय ते बघून घ्यायचं.

बऱ्याच जणांना वाटतं स्पेसर, म्हणजे ही चकती, टाकला की स्प्रिंग जास्त दबते म्हणून गाडी वर येते आणि कडक होते. तसं होत नाही. समजा पुढच्या एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि स्ट्रट आर्मच्या मध्यावर आहे, तर स्प्रिंगवर त्याच्या दुप्पट म्हणजे १००० किलो येतात. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला १० किलो लागत असतील तर ती १०० मिलिमीटर दबणार. चकती टाकल्यावर ट्रकचं वजन बदललं का? नाही. मग स्प्रिंगही तेवढीच दबलेली राहणार. तिची लांबी तीच, कडकपणा तोच, फक्त चाक चेसिसपासून लांब गेलं. त्यामुळे नुसती चकती टाकून गाडी आता जास्त वजन उचलेल असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

दुसरा प्रकार प्रीलोड स्पेसर, तो स्ट्रटच्या आत, स्प्रिंग आणि तिच्या वरच्या बैठकीच्या मधे जातो. उभ्या गाडीत इथेही स्प्रिंग तेवढीच दबते आणि उंची तेवढीच मिळते, पण शॉकचा दांडा आधीच जास्त बाहेर आलेला राहतो, चाकाला खाली जायला जागा कमी उरते, आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना शॉक वरच्या टोकाला आपटून ठक्क आवाज येतो. शिवाय हे बसवायला स्ट्रट खोलून स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. घरच्या घरी हे करू नका, मी अगदी मनापासून सांगतोय.

पहिल्या प्रकारात, स्ट्रटच्या डोक्यावरच्या चकतीत, ठक्क होत नाही, शॉक आपल्या नेहमीच्या जागीच काम करतो, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. चाक हवेत लटकलं की आता ते कंपनीनं ठरवलेल्या हद्दीच्याही खाली जातं. तेव्हा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) जास्त वाकतो, काही ट्रकमध्ये वरचा आर्म स्प्रिंगला घासतो, आणि फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारे, कोनात फिरू शकणारे सांधे) जास्त कोनात फिरतात, त्यांची झीज वाढते, त्यांच्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस बाहेर पडतं. म्हणूनच चकतीने दोन-अडीच इंचांच्या पुढे जायचं नाही. त्याहून जास्त हवं असेल तर वेगळे आर्म, लांब स्ट्रट, पूर्ण किटच घ्यावं.

उंची बदलली की टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर कललेलं असण्याचा कोन) दोन्ही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट, म्हणजे हे कोन परत जुळवणं, त्याच दिवशी, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजून जातील.

माझ्या मते ट्रक बहुतेक वेळ रिकामाच असेल तर दीड-दोन इंच ठीक आहे. जो नेहमी जड ट्रेलर ओढतो त्याने मात्र या फंदात पडू नये, कारण सपाट केलेला ट्रक मागे भार आला की नाक वर करून उभा राहतो, पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, आणि स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हीला तेच वजन हवं असतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात तर मुद्दाम पुढून उंच केलेल्या गाड्यांवर डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे, पुढचं फेंडर (चाकावरचा पत्रा) मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर नको. आपल्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स, दोन्हींची रचना अशीच, पुढे स्प्रिंग मागे पाटे. पण इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, तेव्हा आधी आरटीओत विचारा.

आणि हेडलाइट! हे जवळपास सगळे विसरतात. एफ-१५० च्या सुपरक्रू, म्हणजे चार दारांच्या, मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत साधारण १४५ इंच अंतर असतं. नाक दोन इंच वर गेलं तर कोन एक अंशसुद्धा बदलत नाही, पण तेवढ्यानेच १०० मीटरवर प्रकाशाची वरची कड जवळजवळ १.४ मीटर वर जाते, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत. हेडलाइटच्या मागे उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून आधीच्या कडेला खूण करायची, चकत्या बसवल्यावर त्याच जागी गाडी लावून ती कड परत खुणेवर आणायची, आणि हे रस्त्यावर निघायच्या आधी.