हात आखडतात ते कॅल्शियममुळे, दबलेल्या भावनांमुळे नाही

सध्या इन्स्टावर ब्रेथवर्कच्या रील्सचा नुसता पूर आलाय. गोव्यात बीचजवळ नाहीतर मुळशीकडच्या एखाद्या फार्महाऊसवर वीस-पंचवीस माणसं मॅटवर आडवी पडलेली, डोळ्यांवर पट्टी, ड्रमचा दणदणाट, आणि सगळे तोंडाने भराभर श्वास घेतायत, थोड्या वेळाने कुणी रडतंय कुणी किंचाळतंय कुणी खदाखदा हसतंय. खाली कॅप्शन, स्वतःला मुक्त करा. अशाच एका रीलमध्ये एक मुलगा आपले आखडलेले हात दाखवतो आणि सेशन घेणाऱ्या बाई अगदी शांतपणे सांगतात की मेंदूला आता एरवीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतोय आणि लहानपणापासून दाबून ठेवलेल्या भावना हातांतून बाहेर पडतायत.

दोन्ही गोष्टी चूक आहेत, पहिली तर बरोब्बर उलटी आहे. पण तो मुलगा नाटक करत नव्हता, त्याला जे झालं ते खरंच झालं, म्हणून हे नुसतं हसून सोडून देता येत नाही.

हा प्रकार आला कुठून ते आधी पटकन सांगतो. स्टॅनिस्लाव ग्रोफ हे प्रागचे मानसोपचारतज्ज्ञ, एलएसडी हे भास घडवणारं ड्रग देऊन मनात काय काय वर येतं यावर काम करायचे. १९६७ मध्ये ते अमेरिकेत गेले, पण तिथे एलएसडीवर बंदी आली, मग सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टिना यांनी ड्रगशिवाय तसाच अनुभव देणारी पद्धत बसवली, भराभर खोल श्वास, मोठं म्युझिक, दोन-तीन तासांचं सेशन. नाव होलोट्रॉपिक ब्रेथवर्क. त्याच सुमाराला लिओनार्ड ऑर यांचं रीबर्थिंग आलं, तीही श्वासाचीच पद्धत. आणि आपल्याकडे ओशोंचं डायनॅमिक मेडिटेशन तर १९७० पासूनचं, त्यात पहिली दहा मिनिटं नाकाने जोरजोरात वेडावाकडा श्वास आणि पुढची दहा मिनिटं ओरडा, रडा, उड्या मारा, काय वाट्टेल ते करा. ओशोंच्या आश्रमाजवळ, कोरेगाव पार्कच्या आसपास वाढलेल्या पुणेकरांना यात नवीन काही वाटायचं कारण नाही.

आता ऑक्सिजन. निरोगी माणूस नुसता बसून पेपर वाचत असला तरी त्याचं हिमोग्लोबिन ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं, कोविडमध्ये ऑक्सिमीटर बोटाला लावून आपण सगळ्यांनी हा आकडा बघितलाय. ९८ चे १०० केले तरी असा कितीसा फरक पडणार? कार्बन डायऑक्साइडचं मात्र तसं नाही, जितका जोरात आणि भराभर श्वास तितका तो जास्त बाहेर जातो. रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो, असा श्वास चालू ठेवला तर काही मिनिटांत तो २० च्या आसपास येऊ शकतो. आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या नेमक्या या कार्बन डायऑक्साइडवर चालतात, तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आकसतात. दाब ४० वरून २० वर आला तर मेंदूचा रक्तपुरवठा एक तृतीयांशाहूनही जास्त कमी होतो. न्यूरोसर्जरीत हेच मुद्दाम करतात, कवटीतला दाब धोकादायक वाढला तर व्हेंटिलेटरचा वेग वाढवून थोड्या वेळापुरता तो खाली आणतात. त्यात भर म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून बसतं, हे १९०४ मध्ये ख्रिस्तियान बोर यांनी दाखवलं (अणूवाल्या नील्स बोरचे वडील). म्हणजे रक्त ऑक्सिजनने ठासून भरलेलं, पण मेंदूपर्यंत पोचतंय कमी आणि पोचल्यावर सोडतंयही कमी. डोकं हलकं होतं, कानात गुंई आवाज, हात-पाय आपले नाहीतच असं वाटणं, ते यातून.

आता माझा आवडता भाग, हात. इथे थोडी केमिस्ट्री आहे, कंटाळा आला तर पुढच्या पॅराला उडी मारा पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक ॲसिड बनतं, म्हणजे तो उडून गेला की रक्त जरा अल्कलाइन होतं, पीएच ७.४ वरून ७.५५ वगैरे. आकडा किरकोळ दिसतो पण शरीराच्या दृष्टीने ही मोठी उडी आहे. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्यावर निगेटिव्ह चार्जच्या जागा असतात आणि तिथे हायड्रोजन आयन आणि कॅल्शियम आयन दोघेही बसतात. पीएच वाढला की हायड्रोजन आयन उठून जातात, आणि एसटीत कुणी सीटवरून उठलं की शेजारी उभा असलेला जसा क्षणात टेकतो तसे रक्तातले मोकळे कॅल्शियम आयन त्या जागांवर बसतात. रक्तातलं एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, लॅबमध्ये टोटल कॅल्शियम तपासलं तर नॉर्मल येईल, पण नर्व्ह आणि स्नायूंच्या उपयोगाचं जे मोकळं कॅल्शियम ते कमी झालेलं असतं.

तुम्ही म्हणाल की कॅल्शियम तर स्नायू आकुंचन पावायला लागतं ना, मग ते कमी झाल्यावर हात ढिले पडायला हवेत. तर ते पेशीच्या आतलं कॅल्शियम. पेशीच्या बाहेरच्या कॅल्शियमचं काम वेगळं, ते नर्व्हच्या पडद्यावरच्या सोडियम चॅनलना उगाच उघडू देत नाही. बाहेरचं घटलं की ही चॅनल जराशा निमित्ताने उघडायला लागतात, नर्व्ह आपोआप फायर होतात. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, मग मनगट आत वळतं, बोटं सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटतात, अंगठा तळव्यात. डॉक्टर लोक याला टेटनी म्हणतात (धनुर्वाताचा टिटॅनस वेगळा). एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या त्रूसो यांनी दाखवलं की कॅल्शियम कमी असलेल्या पेशंटच्या दंडाला पट्टा आवळला तरी हाताची हीच पोझ येते, हल्ली त्यासाठी बीपीचा कफ वापरतात आणि तीनेक मिनिटं पुरतात. तिथे कुणी बालपणाच्या जखमा काढत बसत नाही. श्वास नॉर्मल केला की थोड्या वेळात हात सुटतात, आणि सेशनमध्ये नेमकं त्याच वेळी "बघा, आता सोडून दिलंत" असं सांगितलं जातं!

मग ते रडणं, ते भारावून जाणं? २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ब्रेथवर्क करणाऱ्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजला, तर तो जितका खाली गेला तितका त्यांना आलेला अनुभव जास्त गहिरा होता. एवढं केमिस्ट्रीचं. पण माझं मत विचाराल तर केमिस्ट्रीने फक्त दार किलकिलं होतं. आपल्या घरांमध्ये मोठ्या माणसाने, त्यातही पुरुषाने, चारचौघांत हमसून रडायची सोय नाही. इथे अंधार, म्युझिक, कुणी ओळखीचं नाही आणि रडलात तर कौतुक. लोक पैसे मोजतात ते या परवानगीचे, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही, फक्त त्याला डिटॉक्स आणि पेशींतली स्मृती असली लेबलं लावून विकू नका. आणि कृपा करून "आपल्या ऋषींना हे सगळं माहीत होतं" हेही नको. प्राणायामात जास्त ऑक्सिजन मिळतो हा समज कैक वर्षांपूर्वी स्वामी कुवलयानंदांनीच खोडून काढलाय, ज्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगाला सरळ प्रयोगशाळेत नेलं.

उलट बाजूचा म्हणजे हळू श्वासाचा पुरावा जास्त बरा आहे, पण त्याचं रील होत नाही. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या बुंध्याशी, प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स नावाचा पेशींचा छोटासा पुंजका आहे, श्वासाची लय तिथे तयार होते (नाव जर्मन वाइनच्या बाटलीवरून दिलंय, खरंच). २०१७ मध्ये उंदरांच्या या पुंजक्यातल्या ठरावीक पेशी काढून टाकल्या तर श्वास चालूच राहिला पण उंदीर एकदम निवांत झाले, कारण त्या पेशी मेंदूच्या सावध करणाऱ्या केंद्राला श्वासाची खबर देत होत्या. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे प्रकार केले, त्यात नाकाने डबल श्वास घेऊन तोंडाने लांब उसासा टाकणाऱ्यांचा मूड सगळ्यात जास्त सुधारला, भराभर श्वासवाल्यांपेक्षाही.

तरी कुणाला तो दणदणाटवाला प्रकार करून बघायचाच असेल तर फिट्स, हार्टचा त्रास, प्रेग्नन्सी असताना अजिबात नको. ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) काढताना तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात ते लपलेली फिट बाहेर यावी म्हणूनच, आणि तिथे बाजूला टेक्निशियन असतो. पाण्याजवळ तर कधीच नाही. विहिरीत डुबकी मारण्याआधी पोरं दहा-बारा मोठे श्वास घेतात ना, त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण श्वास घ्यायलाच हवा हा इशारा कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर मिळतो आणि तो तर आधीच उडवून टाकलेला असतो, त्यामुळे वर येण्याची ओढ लागायच्या आतच पाण्याखाली शुद्ध जाते, चांगल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचीसुद्धा.