सुट्या हार्ड डिस्कद्वारे बहुप्रणाली वापर

एकाच संगणकावर दोन किंवा अधिक परिचालन प्रणाली (विंडोज, लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायच्या असतील, तर प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र हार्ड डिस्क ठेवणे आणि ज्या वेळी जी प्रणाली हवी तिचीच डिस्क यंत्रात बसवणे, अशी ही पद्धत आहे. ‘ड्युअल बूट’मध्ये एकाच डिस्कचे भाग पाडून दोन प्रणाली शेजारी नांदवल्या जातात, येथे त्या कधी एकमेकींसमोर येतच नाहीत. कपाटात ठेवलेल्या डिस्कवर चालू प्रणालीला एक अक्षरही लिहिता येत नाही, हा या पद्धतीचा सगळा आधार होय. चुकीची आज्ञा, व्हायरस किंवा अर्धवट राहिलेले अपडेट यांमुळे होणारे नुकसान बहुधा बसवलेल्या डिस्कपुरतेच राहते.

उगम : या पद्धतीची सुरुवात कोठून धरावी, याचा विचार दोन प्रकारे करता येतो. व्यक्तिगत संगणक डोळ्यांसमोर ठेवला, तर ती १९९० नंतरच्या, डिस्कचा कप्पा सरकवून किल्लीने चालू करण्याच्या रॅकपासून धरावी लागते. मोठ्या संगणकांचा इतिहास जमेस धरला, तर ती सु. तीस वर्षे मागे, आयबीएम कंपनीच्या ‘डिस्क पॅक’पर्यंत जाते. या कंपनीच्या १९५६ च्या रॅमॅक यंत्रातील पन्नास तबकड्या जागच्या हलत नसत. ऑक्टोबर १९६२ मध्ये जाहीर झालेल्या १३११ या ड्राइव्हमध्ये मात्र १४ इंच व्यासाच्या सहा तबकड्यांचा गठ्ठा (म्हणजेच पॅक) काढता-घालता येई. त्याचे वजन सु. साडेचार किग्रॅ. असून त्यावर सु. २० लाख अक्षरे मावत. गठ्ठा मुठीच्या झाकणासकट उचलून आसावर ठेवायचा, पिळून घट्ट करायचा आणि मग नुसते झाकण वर काढायचे, अशी त्याची रीत होती.

सिस्टिम/३६० (१९६४) या संगणकमालेत परिचालन प्रणाली ज्या पॅकवर असे, तो बसवून चालक नियंत्रण-फलकावरील तीन चकत्या फिरवून ड्राइव्हचा पत्ता लावी व ‘लोड’ कळ दाबी. यंत्र त्या ड्राइव्हवरून पहिले २४ बाइट स्मृतीच्या आरंभी उतरवून घेई आणि तेवढ्याच्या आधारे पुढची सगळी प्रणाली आत ओढली जाई. डॉस/३६० वरून ओएस/३६० वर (या मालेच्या दोन परिचालन प्रणाली) जायचे, तर पॅक बदलून तीच कळ पुन्हा दाबणे पुरेसे होते. यावर असा आक्षेप घेता येतो, की पॅक बदलले जात ते साठवणीची जागा महाग होती म्हणून; सुरक्षितता हा त्यामागील हेतू नव्हता. आक्षेपात तथ्य आहे. तथापि वेगवेगळ्या गोपनीयतेची कामे एकाच यंत्रावर वेगवेगळ्या वेळी करावीत आणि मधल्या काळात साठवण-माध्यम काढून स्मृती पुसावी, असा दंडक अमेरिकेच्या संरक्षणविषयक नियमांत पुढे आला. तो या जुन्या सवयीचाच सुरक्षेसाठी केलेला वापर दिसतो. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पॅकच्या काळातील एक धडा आजही लागू आहे. धूळ शिरून वाचक-शीर्ष तबकडीवर घासले, की पॅक खराब होई. तो चालतो का हे पाहण्यासाठी चालकाने दुसऱ्या ड्राइव्हवर चढवला, तर त्या ड्राइव्हची शीर्षेही बिघडत आणि ती पुढच्या धडधाकट पॅकला बिघडवत. सुटी डिस्क नुकसान अडवते, तसेच हातोहात नेऊ शकते. १९७३ च्या ३३४० ‘विंचेस्टर’मध्ये शीर्षे आणि तबकड्या एकाच बंद पेटीत घेऊन यावर उपाय करण्यात आला. ती पेटीही काढता येत असे. नंतर बंद डिस्क यंत्रातच कायमची बसवण्याचा प्रघात पडला.

व्यक्तिगत संगणक : मार्च १९८३ मध्ये आयबीएम पीसी एक्सटी १० मेगाबाइटच्या डिस्कसह बाजारात आला, तेव्हा तिचे चार भाग पाडण्याची सोय होती. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट आरंभक आज्ञांसाठी, ६४ बाइट भागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले दोन खुणेसाठी असत. म्हणजे डिस्कवर प्रणाली कितीही असोत, त्यांचा दरवाजा एकच असे. विंडोज नव्याने टाकले की लिनक्सचा बूट लोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) पुसला जाई तो यामुळेच. विंडोजचा इन्स्टॉलर (प्रणाली टाकणारा प्रोग्राम) त्या ४४६ बाइटांवर स्वतःच्या आज्ञा लिहून मोकळा होई. सुट्या डिस्कच्या पद्धतीत प्रत्येक प्रणालीला स्वतःचा दरवाजा मिळतो.

यासाठी सव्वापाच इंची खणात बसणारा ‘मोबाइल रॅक’ प्रचारात आला. डिस्क एका कप्प्यात स्क्रूने बसवतात आणि कप्पा मुठीला धरून रॅकमध्ये सरकवतात. किल्ली फिरवली की विद्युत् पुरवठा सुरू होतो. आयडीई या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीत संगणक पूर्ण बंद केल्याशिवाय कप्पा ओढणे धोक्याचे असे, कारण ती जोडणी चालू स्थितीत काढघाल करण्यासाठी बनवलेली नव्हती. शिवाय सर्व डिस्कांचे जम्पर (डिस्कची भूमिका ठरवणारी बारीक टोपणे) सारखे लावावे लागत. नंतरच्या साटा जोडणीत जम्पर गेले; तिच्या विद्युत् टोकांपैकी काही लांब व काही आखूड ठेवलेली असल्याने भूतार (अर्थिंग) आधी जुळते आणि चालू स्थितीत काढघाल शक्य होते. तरीही ज्या डिस्कवरून प्रणाली चालू आहे, ती डिस्क चालत्या यंत्रातून कधीही ओढू नये. बंद केल्यावरही तबकड्यांची घरघर थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबावे. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये तो काढून त्या जागी ‘कॅडी’ (दुसरी डिस्क धरणारी चौकट) बसवण्याचीही पद्धत आहे. मात्र तीत दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या राहतात, त्यामुळे प्रस्तुत अर्थाने ती सुरक्षित म्हणता येत नाही.

नंतरच्या अडचणी : यूईएफआय (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील नवे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम) आल्यावर कोणती प्रणाली कोठे आहे याची नोंद मदरबोर्डवरील स्मृतीतही राहू लागली. दोन डिस्क जोडलेल्या असताना दुसरीवर विंडोज टाकले, तरी त्याच्या आरंभक फाइली पहिल्या डिस्कवरील विभागात जाऊ शकतात. मग पहिली डिस्क काढताच दुसरी उठत नाही. म्हणून प्रणाली टाकताना बाकीच्या सर्व डिस्क सोडवून ठेवणे, ही या पद्धतीतील सर्वांत मोलाची खबरदारी होय. दुसरी अडचण विंडोज ८ (२०१२) पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’ची. संगणक बंद केला असे वाटते, प्रत्यक्षात प्रणालीचा गाभा निद्रिस्त असतो. अशी डिस्क दुसऱ्या प्रणालीखाली जोडून तिच्यावर लिहिले, तर फाइलींची मांडणी बिघडते. ही सोय बंदच ठेवावी.

वेगळेपणाला मर्यादाही आहेत. फर्मवेअर, घड्याळ आणि टीपीएम ही सुरक्षा-किल्ल्या सांभाळणारी चिप सर्व डिस्कांना सामाईक राहतात. विंडोज घड्याळ स्थानिक वेळेवर धरते, लिनक्स बहुधा जागतिक वेळेवर; त्यामुळे भारतात डिस्क बदलल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले दिसते. आरंभाच्या मांडणीत बदल झाल्यास बिटलॉकर (डिस्क सांकेतिक रूपात बंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती कागदावर उतरवून ठेवलेली असावी. फर्मवेअरमध्ये शिरलेला घातक प्रोग्राम डिस्क बदलून जात नाही; २०१८ मध्ये उघडकीस आलेला लोजॅक्स त्याचे ठळक उदाहरण आहे.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज टू गो’मध्ये (२०१२) यूएसबी डिस्कवरून विंडोज चालवताना यजमान संगणकाच्या आतील डिस्क आपोआप दृष्टिआड ठेवल्या जात. सुट्या डिस्कचे तत्त्व एका मोठ्या कंपनीने उचलल्याचे हे उदाहरण. २०२० मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. आभासी यंत्रांच्या (एका प्रणालीच्या आत दुसरी प्रणाली चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रसारानंतर रॅकचा वापर कमी झाला आहे. साटाची साधी केबल-जोडणी सु. पन्नास वेळा काढघाल गृहीत धरून केलेली असते, तर यूएसबी-सीची सु. दहा हजार वेळा. त्यामुळे हल्ली या कामासाठी यूएसबी-सी पेटीतील एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपवर साठवण करणारी डिस्क) पसंत केली जाते.